नील हॅरिस मिलवॉलबाहेर फिका का पडतो?

बाकावरचा_बारावा

प्रीमियर लीगवर इथे पैशाला पासरी धागे आहेत, म्हणून म्हटलं जरा खालच्या मजल्यावर उतरू.

नील हॅरिस. फुटबॉल नेमाने बघणाऱ्यांनाही हे नाव चटकन आठवणार नाही. दक्षिण लंडनच्या मिलवॉल क्लबसाठी आजवर सर्वाधिक गोल याचे आहेत, १३८. प्रीमियर लीगमध्ये मात्र एकही सामना नाही. १९९८ मध्ये केंब्रिज सिटी या बिगर-लीग क्लबातून मिलवॉलने त्याला ३० हजार पौंडांत उचललं. २०००-०१ मध्ये पठ्ठ्याने लीगमध्ये २७ गोल मारले, मिलवॉल आपल्या विभागात पहिलं आलं आणि वर गेलं. त्याच उन्हाळ्यात त्याला वृषणाच्या कर्करोगाचं निदान झालं. तेविशीतला पोरगा, नुकता कुठे नाव कमावलेला. उपचार घेऊन तो पुढच्याच हंगामात मैदानावर परतला. २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एफए कपची (सगळ्या पातळ्यांवरच्या इंग्लिश क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) फायनल खेळला (०-३ हरले, तो भाग सोडा). २००९ च्या जानेवारीत टेडी शेरिंगहॅमचा १११ गोलांचा क्लबचा विक्रम मोडला.

आता मॅनेजर म्हणून. २०१५ च्या मार्चमध्ये बुडत्या मिलवॉलची सूत्रं हातात आली. त्या वर्षी संघ लीग वनमध्ये घसरलाच. पुढच्या वर्षी प्लेऑफ फायनलमध्ये (वर जायची शेवटची जागा ठरवणारा सामना) बार्न्सलीकडून हार, त्याच्या पुढच्या वर्षी ब्रॅडफर्डला हरवून वर. २०१७-१८ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये आठवा क्रमांक. २०१९ मध्ये राजीनामा. मग कार्डिफ, गिलिंगहॅम, केंब्रिज युनायटेड, २०२४ मध्ये पुन्हा मिलवॉल, आणि परत केंब्रिज.

माझा प्रश्न साधा आहे. मिलवॉलला असताना हा माणूस वाघ असतो, तिथून बाहेर पडला की काय होतं? मला वाटतं त्याला बाहेर कुणी पुरेसा वेळच दिला नाही. तुमचं मत?

चिवडा_लसूण

रुमाल टाकून ठेवतो. मिलवॉलच्या झेंड्यावर सिंह आहे हो, वाघ नाही. नाहीतर पहिल्याच प्रतिसादात मारामारी व्हायची.

खडूस_काका

दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या माणसावर एवढा निबंध? वेळ बरा मिळतो लोकांना. मिलवॉलबद्दल मला एवढंच माहीत आहे की हॅरी केन तिथे खेळला होता. त्याच्यावर लिहा, वाचू तरी.

आकडेबहाद्दर

काका, केन तिथे २०१२ मध्ये टॉटनहॅमकडून लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, आला होता, अर्धा हंगाम. हॅरिस त्याआधीच २०११ मध्ये साउथएंडला गेलेला. दोघांची गाठ थोडक्यात हुकली. पण केनने त्या सहा महिन्यांत जे गोल मारले, त्यांच्यामुळे मिलवॉल चॅम्पियनशिपमध्ये टिकलं. म्हणजे तुमचा केनसुद्धा याच खालच्या मजल्यावर तयार झालाय.

नवा_भिडू

अडाणी प्रश्न. चॅम्पियनशिप म्हणजे सगळ्यात वरची लीग नाही का? नावावरून तर तसंच वाटतं.

आकडेबहाद्दर

इंग्रजांचा विनोद आहे तो. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघ. खाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी २४. एकूण ९२. त्याखाली नॅशनल लीग आणि मग गावोगावच्या लीगांची उतरंड. म्हणजे 'लीग वन' ही तिसरी पातळी. २००४ पर्यंत तिलाच 'सेकंड डिव्हिजन' म्हणत. हॅरिसचे २७ गोल तिथले.

मधली_फळी

धागाकर्त्यांशी असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

'वेळ दिला नाही' ही मॅनेजरच्या चाहत्यांची नेहमीची रड असते. हॅरिसचा खेळ कसा होता ते बघा. दोन फळ्या चार-चारच्या, पुढे दोन स्ट्रायकर. मागून चेंडू उंच, स्टीव्ह मॉरिसन तो डोक्याने खाली पाडणार, ली ग्रेगरी त्यावर धावणार. कडेने जेड वॉलेसचे क्रॉस. कॉर्नर आणि फ्री किकला ताडमाड जेक कूपर पुढे. बस. समोरच्याला हे ठाऊक नसेल तोवर चालतं. २०१७-१८ मध्ये चाललं, १७ सामने सलग हार नाही. पुढच्या वर्षी जवळपास तोच संघ २१ वा आला, घसरणीच्या रेषेच्या अगदी वर. प्रतिस्पर्ध्यांनी गृहपाठ केला होता आणि हॅरिसकडे दुसरा डाव नव्हता.

कार्डिफलाही तेच झालं. नील वॉरनॉकने आधीच दांडगट संघ बांधून ठेवला होता, हॅरिसच्या पिंडाला साजेसा. पहिल्या हंगामात पाचवे आले. दुसऱ्या हंगामात हॅरी विल्सनसारखा चेंडूशी खेळणारा पोरगा लिव्हरपूलकडून लोनवर मिळाला, किफर मूर मिळाला, तरी संघ गडगडला. ओळीने सहा सामने हरल्यावर २०२१ च्या जानेवारीत नारळ.

माझं मत: हॅरिस हा एका डावाचा मॅनेजर आहे. तो डाव मिलवॉलच्या प्रेक्षकांना आवडतो, म्हणून तिथे तो शोभतो.

बाकावरचा_बारावा

मधली_फळी, प्रतिसाद आवडला, पण दोन गोष्टी सोयीने गाळल्यात.

एक, २०१८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज सॅव्हिलला मिडल्सब्रोला विकलं. मधल्या फळीतून धावत येऊन गोल करणारा तोच होता. 'तोच संघ' कसा म्हणता? तुमच्या टोपणनावाला तरी जागा!

दोन, कार्डिफच्या पहिल्या हंगामात प्लेऑफमध्ये फुलहॅमकडून घरी ०-२ हरून परतीच्या सामन्यात २-१ जिंकले. एकूण एका गोलाने हुकलं. फुलहॅम पुढे प्रीमियर लीगमध्ये गेलं. तो गोल झाला असता तर आज आपण वेगळाच धागा वाचत असतो. आणि दुसरा हंगाम करोनातला, रिकाम्या स्टेडियममध्ये. ज्याचा सगळा खेळ प्रेक्षकांच्या आरोळ्यांवर चालतो त्याला ते किती जड गेलं असेल.

चिवडा_लसूण

कार्डिफची गंमत सांगतो. हॅरिसला काढून कुणाला आणलं? मिक मॅकार्थी, मिलवॉलचा जुना कप्तान आणि मॅनेजर. त्याला काढून कुणाला बसवलं? स्टीव्ह मॉरिसन, म्हणजे हॅरिसच्याच मिलवॉलचा स्ट्रायकर. एकाच वर्षात लागोपाठ तिघे मिलवॉलवाले. वेल्समध्ये मिलवॉलने शाखा उघडली होती आणि पाटी लावायची तेवढी राहिली.

खडूस_काका

ही माहिती मात्र मजेशीर आहे. (मी वाचत नाहीये. सहज दिसलं.)

थेम्सकाठची_मनवा

मी लुइशमला राहते, मिलवॉलचं स्टेडियम 'द डेन' घरापासून जवळ आहे. नवऱ्याला फुटबॉलचं वेड, त्याच्यामुळे माझंही जाणं होतं.

लंडन ब्रिजवरून एकच स्टेशन, साउथ बर्मंडसी. उतरलं की रेल्वेच्या कमानी, भंगारवाले, गॅरेजं, आणि कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं धुराडं. आर्सेनल-चेल्सीच्या वाटेवर लागतात तशी चकाचक दुकानं नाहीत. मिलवॉल हा मुळात गोदी कामगारांचा क्लब. १८८५ मध्ये थेम्सपलीकडे आइल ऑफ डॉग्जवरच्या मुरंबे-डबाबंद मालाच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. १९१० मध्ये नदी ओलांडून अलीकडे आले, नाव मात्र तिकडचंच राहिलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरीचे आजोबा असायचे. थर्मासमधला चहा, मांडीवर घडी केलेलं वर्तमानपत्र. हॅरिस मॅनेजर असताना दर पाच मिनिटांनी त्याच्या नावाने शिव्या. चेंडू मागे दिला की शिवी, बदली खेळाडू उशिरा उतरवला की शिवी. एकदा मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "याला काढायला हवं आता." आजोबांनी वळून त्याच्याकडे असं काही पाहिलं की पोरगा मध्यंतरापर्यंत गप्प. म्हणजे शिव्या घालायचा हक्क कुणाला, हे तिथे ठरलेलं आहे. ज्याने हॅरिसचे गोल उभं राहून पाहिलेत त्याला.

बाकावरचा_बारावा यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या नजरेत दिसलं. मिलवॉलला चार सामने हरला तर लोक चिडायचे, पण तो त्यांचाच होता. कार्डिफला चार सामने हरल्यावर तो नुसता हरणारा मॅनेजर.

मधली_फळी

मनवाताई, वर्णन झकास. पण मिलवॉलचं एवढं गोड चित्रही नको. २०१७ च्या एफए कपमध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर यांच्याच पाठिराख्यांनी टॉटनहॅमच्या कोरियन सॉन ह्युंग-मिनला वंशद्वेषी घोषणा दिल्या होत्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये वंशद्वेषाच्या निषेधार्थ खेळाडू गुडघ्यावर बसले तेव्हा याच डेनवर हुर्यो झाली. 'आम्ही कुणाला आवडत नाही, पर्वा नाही' हे गाणं अभिमानाने म्हणणारा क्लब आहे हा.

थेम्सकाठची_मनवा

गोड चित्र रंगवलेलं नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पहिल्यांदा जाताना मीही बिचकले होते, आणि मुद्दाम कुटुंबांसाठीच्या स्टँडची तिकिटं काढली होती. माझ्या वाट्याला वाईट काही आलं नाही. पण म्हणून कुणाच्याच वाट्याला येत नाही असं मी म्हणणार नाही. क्लब या बाबतीत शाळांमधून वगैरे बरंच काम करतो, हेही खरं.

कोल्हापुरी_किक

मनवाताईंनी आजोबांचं सांगितलं आन् मला शाहू स्टेडियमच दिसाय लागलं.

आमच्याकडं पेठेपेठेची तालीम, तालमीचा संघ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. सामना असला की अर्ध्या गावाचं दुकान बंद. आमच्या तालमीचा एक जुना स्ट्रायकर पुढं कोच झाला. डावपेच म्हणशीला तर फळ्यावर तीन रेघा. पर पोरं त्याचं ऐकायची, कारण त्याच्या गोलाच्या गोष्टी बापाकडनं ऐकत मोठी झालेली. तोच माणूस दुसऱ्या पेठेचा कोच झाला आस्ता तर पहिल्याच हप्त्यात पोरांनी त्याला इचारलं आस्तं, तुम्ही कोण?

हॅरिसचं येगळं काय न्हाई. नाव आन् गाव एका जागी आसंल तर शब्दाला वजन.

आकडेबहाद्दर

कोल्हापुरी_किक यांच्या म्हणण्याला इंग्लंडमधलाच दुसरा दाखला देतो, कारण तो हॅरिसच्या गोष्टीशी तंतोतंत जुळतो.

जॉन कोलमन. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीचा. बिगर-लीग फुटबॉलमध्ये ढिगाने गोल मारणारा स्ट्रायकर, आणि पेशाने शिक्षक. १९९९ मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅनलीचा मॅनेजर झाला. या नावाचा जुना क्लब १९६२ मध्ये कर्जापायी लीगमधून बाहेर पडला होता, नंतर त्याच नावाने नवा उभा राहिला. कोलमनने तो २००६ मध्ये परत फुटबॉल लीगमध्ये आणला. २०१२ पर्यंत तिथेच होता. मग जरा मोठ्या रॉचडेलला गेला. ते त्याच वर्षी घसरले, आणि वर्षभरात याला काढलं. पुढे साउथपोर्ट, मग आयर्लंडमध्ये स्लायगो, कुठेच जम बसेना. २०१४ मध्ये परत ॲक्रिंग्टन. आणि २०१८ मध्ये लीग टूचं विजेतेपद!

म्हणजे पॅटर्न बघा. खालच्या लीगमधला स्ट्रायकर, एका छोट्या क्लबमध्ये देव, बाहेर सगळीकडे फसला, परत आला की पुन्हा देव. पण कोलमन ॲक्रिंग्टनसाठी कधी खेळला नव्हता. त्यामुळे 'जुने गोल आठवून लोक ऐकतात' एवढं कारण पुरत नाही. त्याला तिथे खेळाडू स्वतः निवडायला मिळाले, आणि दोन-तीन वाईट महिने पचवणारा मालक मिळाला.

बाकावरचा_बारावा

ही तुलना मला सुचलीच नव्हती, जबरदस्त! आणि मालकाचा मुद्दा मिलवॉललाही लागू पडतो. तिथे जॉन बेरिल्सन होते, बॉस्टनकडचे अमेरिकन. २०१५ मध्ये हॅरिसच्या हाताखाली संघ घसरला, तरी त्यालाच कायम केलं. २०१६ ची फायनल हरला, तरी ठेवलं. दुसऱ्या कुठल्याही मालकाने एवढ्यात दोन मॅनेजर बदलले असते. २०२३ मध्ये बेरिल्सन मोटार अपघातात गेले.

मधली_फळी

ठीक आहे, मालकाचा मुद्दा मान्य. पण मग हेही माना की २०१७ ची बढती नशिबाच्या काठावरून आली. शेवटच्या दिवशी ब्रिस्टल रोव्हर्सकडे ४-३ असा धावपळीचा सामना जिंकून सहावी जागा मिळाली. कुणाला मागे टाकून? साउथएंडला, म्हणजे हॅरिस जिथे शेवटचं खेळला त्याच क्लबला. एका गुणाने.

चिवडा_लसूण

साउथएंडवाल्यांनी त्याचा निरोप समारंभ नीट केला नसावा.

बाकावरचा_बारावा

काठावरून का असेना, त्या हंगामात एफए कपात काय केलं ते तर बघा. प्रीमियर लीगमधले तीन संघ डेनवर लोळवले: बोर्नमथ ३-०, वॉटफर्ड १-०, आणि मग लेस्टर, जे त्या वेळी इंग्लंडचे विजेते होते! जेक कूपरला ५२ व्या मिनिटाला लाल कार्ड, दहा जणांनी उरलेला सामना काढला, आणि अगदी शेवटी शॉन कमिंग्जचा गोल. पाच दिवसांनी लेस्टरने क्लाउडिओ रानिएरीला काढलं. पुढच्या फेरीत टॉटनहॅमने ६-० असं धुतलं, तेही सांगून टाकतो, नाहीतर मधली_फळी सांगतीलच.

आणि वेम्ब्लीवरच्या प्लेऑफ फायनलमधला, ब्रॅडफर्डविरुद्धचा तो गोल. ८५ वं मिनिट, ०-०, ब्रॅडफर्ड जरा वरचढच. उंच चेंडू आला, ग्रेगरीने डोक्याने आडवा दिला, मॉरिसनने खाली पडू न देता ढकलला. ग्रेगरी हॅलिफॅक्सच्या बिगर-लीग संघातून आलेला, मॉरिसन स्टीव्हनेजमधून, तेही तेव्हा बिगर-लीगच. बाकावर बसलेला मॅनेजर केंब्रिज सिटीचा. स्वतः ज्या वाटेने आला त्याच वाटेवरचे स्ट्रायकर त्याने पुढे ठेवले होते. 'एकच डाव' म्हणून हिणवलात, पण कुणाकडून काय काढून घ्यायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मधली_फळी

हे मात्र बिनतोड. स्ट्रायकरची पारख त्याला होती, हे मान्य करायलाच लागेल.

पण २०१९ च्या कपातला ब्राइटनचा सामनाही घ्या. उपांत्यपूर्व फेरी, ८८ व्या मिनिटापर्यंत २-० पुढे. गोलकीपरच्या हातून फ्री किक निसटून आत, २-२, आणि पेनल्टीवर हार. त्याआधी एव्हर्टनला ३-२ हरवलं, त्यात कूपरचा गोल चक्क हाताला लागून गेला होता आणि व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच) फक्त प्रीमियर लीगच्या मैदानांवर असल्याने वाचले. मग ब्राइटनने हिशेब चुकता केला म्हणायचा.

गोंयकार_सुशेगाद

एवढी चर्चा झाली आणि भायचुंग भुतियाचं नाव कुणी घेतलं नाही? भारताचा कप्तान, स्ट्रायकर, आणि १९९९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवरच्या बरी क्लबात गेला होता. दुखापतींनी फार खेळू दिलं नाही, पण आमच्या पिढीने तेव्हा गुणतक्त्यात 'बरी' शोधायला सुरुवात केली. मडगावच्या फातोर्ड्याला सामना बघून परतताना आमची चर्चा बरीच्या निकालाची! पुढे २०१९ मध्ये पैशांच्या घोळात बरीला लीगमधूनच काढून टाकलं. वाईट वाटलं.

चिवडा_लसूण

क्लबाचं नाव 'बरी' आणि अवस्था अशी.

गोंयकार_सुशेगाद

आणि धागाकर्त्यांनी उल्लेख केलेला टेडी शेरिंगहॅम. हॅरिसने ज्याचा विक्रम मोडला तो. मॅनेजर म्हणून त्याने काय केलं? स्टीव्हनेजने एका हंगामाच्या आतच काढला. मग २०१७ मध्ये आयएसएलमध्ये (आपली इंडियन सुपर लीग) कोलकात्याच्या एटीकेने आणला, २०१८ च्या जानेवारीत तिथूनही गेला. म्हणजे प्रीमियर लीग गाजवलेला, युनायटेडसाठी चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये गोल केलेला माणूस मॅनेजर म्हणून फसला आणि ३० हजार पौंडांचा हॅरिस टिकला. मिलवॉलच्या पहिल्या दोन गोलवीरांची ही तुलना मला जास्त बोलकी वाटते.

खडूस_काका

शेरिंगहॅम इकडे येऊन गेला? आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आकडेबहाद्दर

आयएसएलचा विषय निघालाच आहे तर डेस बकिंगहॅम. मुंबई सिटीसोबत २०२२-२३ ची लीग शिल्ड (गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याची ढाल) जिंकला, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या गावी ऑक्सफर्डला गेला आणि सहा महिन्यांत वेम्ब्लीवर बोल्टनला २-० हरवून त्यांना चॅम्पियनशिपमध्ये नेलं. अंधेरीच्या मैदानावरून थेट वेम्ब्ली. स्ट्रायकर नव्हता, बड्या पातळीवर खेळलाही नाही. आणि योगायोग बघा, २०२४ च्या डिसेंबरमध्ये हॅरिस मिलवॉलमधून बाहेर पडला, त्याच महिन्यात ऑक्सफर्डने बकिंगहॅमला काढलं.

नवा_भिडू

एक मिनिट. २०२४ मध्ये मिलवॉलला परत आला तेव्हा नेमकं काय झालं? आणि घरच्याच क्लबातून दहा महिन्यांत बाहेर का?

बाकावरचा_बारावा

फेब्रुवारीत आला तेव्हा संघ घसरणीच्या तोंडावर होता. केंब्रिज युनायटेडला जाऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, ते सोडून आला. केंब्रिजवाल्यांनी तेव्हा काय म्हटलं असेल ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. पहिलाच सामना साउथॅम्प्टनच्या मैदानावर, २-१ जिंकला. हंगामाअखेर मिलवॉल चक्क १३ वं.

मग जूनमध्ये त्यांचा गोलकीपर मातिया सार्किच मॉन्टेनेग्रोमध्ये अचानक गेला, अवघ्या २६ व्या वर्षी. त्या ड्रेसिंग रूमला घेऊन नवा हंगाम सुरू करणं काय असेल याची मला कल्पना करवत नाही. संघ वाईट खेळत नव्हता, तरी डिसेंबरमध्ये थांबत असल्याचं त्याने स्वतः जाहीर केलं.

मधली_फळी

आणि मग केंब्रिज युनायटेडने त्यालाच परत घेतलं, २०२५ च्या फेब्रुवारीत! ज्यांना वर्षापूर्वी सोडून आला त्यांनीच. संघ लीग टूमध्ये घसरला, तो आधीच खोल गेलेला होता म्हणा. पण बाकावरचा_बारावा, इथे तुमचा 'मिलवॉलबाहेर फिका' हा मुद्दा मीच जरा सैल करतो. ज्या क्लबला टाकून गेलास तो क्लब बुडताना पुन्हा तुलाच फोन करतो, म्हणजे काहीतरी पाहिलं असणार त्यांनी त्या अडीच महिन्यांत.

बाकावरचा_बारावा

गिलिंगहॅमही त्यातच धरा. २०२२ च्या जानेवारीत गेला तेव्हा संघ तळाजवळ. घसरले, पण शेवटच्या दिवशी, फ्लीटवूडइतकेच गुण असून गोलफरकाने. पुढच्या हंगामात नाताळात लीग टूच्या तळाशी होते, नवा मालक आला, आणि १७ वे येऊन वाचले. ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलं तेव्हा संघ गुणतक्त्यात वरच्या अर्ध्यात होता. जिंकत होते, पण रडतखडत, १-० वगैरे. मालकाला बघायला मजा येत नव्हती.

कोल्हापुरी_किक

जिंकून बी मालकाला मजा येत न्हाई? आमच्याकडं या म्हणावं, १-० वर गुलाल उधळतो आम्ही.

आकडेबहाद्दर

ब्रायन क्लफला विसरून चालणार नाही. तोही स्ट्रायकर, मिडल्सब्रो आणि संडरलँडसाठी २७४ लीग सामन्यांत २५१ गोल. १९६२ च्या नाताळात गुडघा गेला. १९६५ मध्ये हार्टलपूल्सपासून मॅनेजरकी सुरू केली, तळातला क्लब. डर्बीला लीग जिंकून दिली, फॉरेस्टला दोनदा युरोपियन कप. आणि त्याच क्लफला लीड्सने ४४ दिवसांत हाकललं. हॅरिसला त्याच्या शेजारी बसवत नाही, पण जागा चुकली की क्लफचाही ४४ दिवसांत निकाल लागतो. हॅरिसला कार्डिफने निदान १४ महिने दिले.

मधली_फळी

क्लफला इथे आणणं म्हणजे धागा हायजॅक करणं आहे. तरी +१.

खडूस_काका

मला एक कळलं नाही. कर्करोगातून उठलेला माणूस, एवढे गोल, एवढे चढउतार. तो आजाराबद्दल काही बोलतो का कधी? की इंग्रज आहे म्हणून गप्प?

थेम्सकाठची_मनवा

बोलतो की, काका. बरा झाल्यावर त्याने या आजाराच्या संशोधनासाठी पैसे उभे केले, पुरुषांनी वेळेत तपासणी करावी म्हणून उघडपणे बोलत राहिला. ज्या स्टँडमध्ये बाप्ये 'डोकं दुखतंय' एवढंही कबूल करत नाहीत तिथे हे बोलणं सोपं नव्हतं. आमच्या आजोबांनी फक्त हॅरिस म्हणाला म्हणून डॉक्टर गाठला होता. असं त्यांनी सांगितलं, आणि लगेच पुढच्या वाक्यात डावा बॅक किती निकामी आहे ते सांगितलं.

खडूस_काका

बरं. बरं वाटलं वाचून. भाचा सप्टेंबरात लंडनला शिकायला जातोय. त्याला या डेनवर पाठवायचं म्हटलं तर तिकीट मिळतं का, की ओळख लागते?

थेम्सकाठची_मनवा

ओळख नको, क्लबच्या साइटवर खातं उघडायचं. साध्या सामन्यांना मिळून जातं, मोठ्या सामन्यांना आधी सीझन तिकीटवाल्यांचा आणि सभासदांचा नंबर लागतो. कुटुंबांच्या स्टँडजवळचं घ्या म्हणावं. साउथ बर्मंडसीला उतरून गर्दीच्या मागे चालायचं, नकाशा लागत नाही. मध्यंतरात 'पाय' (सारण भरलेला इंग्रजी खाद्यपदार्थ) विकत घ्यायची घाई नको, रांग मोठी आणि आतलं सारण जीभ भाजतं. आणि मरून-आकाशी रंगाचं काहीही अंगावर नको. तो वेस्ट हॅमचा रंग आहे, आणि तिथे त्याला विद्यार्थी म्हणून सूट मिळणार नाही.